मोठ्या कंबरपट्ट्याचं गिऱ्हाईक

आमच्या दुकानात येऊन ‘मोठा कंबरपट्टा’ मागणाऱ्या माणसाची कंबर बहुधा अगदी बेताची असायची. मी मान वर न करता विचारायचे, “पाठदुखीचा, की मोठा?” खरी पाठदुखी असलेला माणूस लगेच सुरू व्हायचा, कळ कुठून निघते, कुठवर जाते, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं. दुसऱ्या प्रकारचा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणायचा, “मोठा.” मग मी मागच्या खोलीचा पडदा सरकवायचे.

कल्याणातल्या एका सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मी ऐंशीच्या दशकात लागले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच होते. सर्जिकल म्हणजे कुबड्या, बेडपॅन, हर्नियाचे पट्टे, गुडघ्याच्या टोप्या, वाफाऱ्याची यंत्रं. आणि माळ्यावरचं एक खोकं, ज्यावर मालकांनी स्वतःच्या हाताने ‘कंबरपट्टे, मोठे’ असं लिहिलं होतं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटल्यावर मी त्यांना विचारलं, कुबड्यांबद्दल लिहू की खोक्याबद्दल? ते म्हणाले, “कुबड्यांबद्दल बरेच लोक लिहू शकतील.” मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “लिही, पण नाव घालून लिही. तू कधी कुणाचं चोरलं नाहीस.”

त्या खोक्यातल्या वस्तूंना धड मराठी शब्द नाही. आमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या एक डॉक्टरबाई त्यांना ‘साधन’ म्हणायच्या. आमचे मालक भोईरकाका ‘त्ये’ म्हणायचे. मी ‘वस्तू’ म्हणायचे, आणि इथेही तेच म्हणते. नवरा-बायकोच्या, किंवा एकट्या माणसाच्या, शरीरसुखासाठी केलेल्या, हाताला कातडीसारख्या लागणाऱ्या वस्तू. काही नुसत्या, काही आत सेल घालून थरथरणाऱ्या. आता असल्या गोष्टी घरपोच येतात म्हणे. तेव्हा त्या परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगांतून उतरायच्या आणि हात बदलत बदलत कुठे कुठे पोचायच्या.

आमच्याकडे त्या चुकून आल्या. मुंबईच्या एका पुरवठादाराने गुडघ्याच्या टोप्यांच्या खोक्यात सहा नग दडपून पाठवले. भोईरकाकांनी खोकं उघडलं, बंद केलं आणि पाणी प्यायले. काका कल्याणजवळच्या गावचे आगरी, माणूस आडदांड, पण लाजाळू. परत पाठवायचं म्हटलं तर काय लिहून पाठवायचं, हा प्रश्न होता. चार दिवसांनी ते मला म्हणाले, “शैला, तूच बघ गो त्ये. मना नाय जमायचं.”

मला जमेल असं त्यांना वाटण्याचं कारण होतं. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बायकांना ब्लाउजच्या आत घालायला कृत्रिम स्तन लागतो. तो बसवून द्यायचं काम मी करायचे, मागच्या खोलीत, पडदा लावून. खऱ्यासारखं म्हणजे काय, हे मी तिथे शिकले. लोकांना वाटतं, मऊ म्हणजे खरं. तसं नसतं. माणसाचं शरीर वरून मऊ आणि आतून भरीव असतं. दाबलं तर दबतं, सोडलं की सावकाश परत येतं. आणि अंगाला लागल्यावर थोड्या वेळात अंगाइतकं गरम होतं. जे थंडच राहतं ते कितीही मऊ असो, मन त्याला स्वीकारत नाही. ही परीक्षा बोटांच्या टोकांनी करायची नाही. बोटं कामाने निबर झालेली असतात. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, बाळाच्या दुधाचा गरमपणा बघतात तिथे.

आणि एक गोष्ट पहिल्या सहा महिन्यांत कळली. ठाण्याचं गिऱ्हाईक आमच्याकडे कल्याणला यायचं. डोंबिवलीचंही यायचं. कल्याणचं मात्र एकही नाही. कल्याणची मंडळी ठाण्याला जात असणार, असा माझा हिशेब होता. मधल्या स्टेशनांवर ती एकमेकांना ओलांडत असतील. डोंबिवलीची माणसं सगळ्यात शिष्ट. एक गृहस्थ तीनदा आले, तीनदा थर्मामीटर घेऊन गेले. चौथ्यांदा मीच म्हटलं, “काका, एवढा ताप कुणाच्या घरी नसतो. मागे या.”

अशा सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिली ती अनिता.

ती आली ती डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन. तिशीची, सडसडीत, टिटवाळ्याहून आलेली. चिठ्ठीत फक्त ‘शैलाताईंना भेटा’ एवढंच होतं. तिने कॅलेंडरकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “माझा नवरा वायरमन होता. खांबावरून पडला. कमरेखाली काही नाही. तीन वर्षं झाली.”

मी तिला मागे नेलं, बसवलं. चहा मागवला. तिला वाटेल तसं बोलू दिलं.

नवऱ्याचं नाव प्रकाश. चाकाच्या खुर्चीत होता. जेवायचा, पेपर वाचायचा, आईशी बोलायचा. बायकोशी बोलणं हळूहळू बंद झालं होतं. ती जवळ येऊन बसली की तो खुर्ची खिडकीकडे वळवायचा. आणि आता त्याने तिच्या भावाला, खडवलीला, पत्र टाकलं होतं. बहिणीला घेऊन जा, तिचं दुसरं लग्न करून द्या, मी सही देतो. भाऊ महिनाअखेरीला येणार होता.

“मला विचारलं पण नाही,” ती म्हणाली. “माझ्याबद्दलचं पत्र, आणि मला पोस्टात टाकायला दिलं. पाकीट बंद होतं, मी टाकलं. नंतर आईंनी सांगितलं.”

“मग तुला काय पाहिजे?” मी विचारलं.

“मला काही नको, ताई. मी तशीही राहीन. पण तो म्हणतो, माझ्याकडे तुला द्यायला काही उरलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे त्याच्या डोक्यातून काढायला हवं. औषध नाही, पण साधन असतं.”

मी खोकं काढलं. तिने सगळ्यात लहान वस्तू उचलली आणि लगेच पिशवीत टाकायला निघाली. मी तिचा हात धरला. आमच्या धंद्यात एक नियम मी स्वतः केला होता: घाईत उचललेली वस्तू आणि घाईत उचललेली चप्पल, दोन्ही चावतात.

“हे तू एकटीने निवडून नेलंस,” मी म्हटलं, “तर त्याला वाटेल, तू त्याच्या जागी दुसरा आणलास. दोघांनी निवडा.”

“तो कुठे येणार? दुकानाला तुमच्या चार पायऱ्या.”

त्या चार पायऱ्यांकडे मी तोवर कधी नीट बघितलं नव्हतं. कुबड्यांचं दुकान आणि चढायला चार पायऱ्या. मी म्हटलं, “मग मी येते.”

भोईरकाकांना मी सांगितलं, टिटवाळ्याला पेशंट बघायला जातेय. त्यांनी घरी सांगितलं, शैला टिटवाळ्याला चाललीय. काकूंनी लगेच गणपतीला वाहायला नारळ पाठवला. आम्ही बौद्ध, देवळाची वाट आमच्याकडे नाही, हे काकूंना ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं, नारळ त्यांचा आहे, मी फक्त पोचवायचा. म्हणून मी त्या बुधवारी टिटवाळ्याला गेले ती खांद्याला एक पिशवी लावून. तळाशी तीन वस्तू, वर शेकायची पिशवी, त्याच्या वर नारळ.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. दारातच प्रकाशची आई वाटाणे सोलत बसलेली. अनिताने ओळख करून दिली, “या दुकानातल्या ताई. मसाजचं मशीन दाखवायला आल्यात.” म्हातारीने माझ्याकडे, मग पिशवीकडे बघितलं. मी गडबडून नारळ काढला आणि तिच्या हातात दिला. “मावशी, हा देवाला द्यायचाय. मला देवळातलं काही कळत नाही.”

तिने नारळ कानाशी हलवून बघितला, वाटाण्याची परात बाजूला सारली आणि उठली. “देते वाहून. गर्दी असंल, तास दीड तास लागंल.” चप्पल घालता घालता म्हणाली, “दार लोटून घ्या. शेजारची सारखी डोकावते.” बुधवारी सकाळी अकराला तिथे गर्दी असते की नाही, ते मी नंतर कधी विचारलं नाही.

प्रकाश खिडकीशी होता. रुंद खांद्यांचा माणूस, हात अजून वायरमनचे, खरबरीत आणि नेमके. मी पलंगावर वर्तमानपत्र पसरलं आणि तीन वस्तू मांडल्या. त्याने एकदा बघितलं आणि मान फिरवली.

“हे माझ्या जागी आणलंय का?” तो म्हणाला.

अनिता रडेल असं मला वाटलं, पण ती माझ्याकडे बघायला लागली. मलाच बोलावं लागलं. मला समजावणीची भाषा येत नाही, मी दुकानदार बाई. मी म्हटलं, “भाऊ, या वस्तूला जागा नसते. ती आपण होऊन उठून कुठे जात नाही. कुणीतरी हातात धरल्याशिवाय ती निव्वळ प्लास्टिक आहे. आणि तुमचे हात तर मला चांगले दिसतायत.”

त्याने खुर्ची वळवली आणि तो पलंगाशी आला. मीही मग गिऱ्हाइकाला सांगते तसं सांगायला लागले. ही पहिली दिसायला खऱ्यासारखी, शिरासुद्धा काढल्यात, पण वास घ्या. रेनकोटसारखा वास येतोय ना? जितका वास जास्त, तितकं कच्चं प्लास्टिक. ही दुसरी रबराची, हिला खोबरेल लागलं की फुगते आणि फाटते. ही तिसरी. मनगटाला लावा. वरून मऊ आहे, आत भरीव. सेलवर चालते. आकाराला सगळ्यात लहान आहे. पुरुष गिऱ्हाईक नेहमी मोठी उचलतं आणि बायको महिन्याने बदलून मागते.

अनिता खुदकन हसली. प्रकाशने तिच्याकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा की काय कोण जाणे, पण बघितलं.

त्याने तिसरी वस्तू हातात घेतली, बटण दाबलं. ती थरथरली, थांबली, परत थरथरली. त्याने कपाळाला आठी घातली. खालचं झाकण फिरवून उघडलं, आत डोकावला. “हे कोणी जोडलंय?” तो म्हणाला. “सोल्डरचा डाग नीट बसलेला नाही. वायर लोंबतेय. अनिता, माझी पेटी आण.”

पेटी पलंगाखाली होती. वरची धूळ तिने पदराने पुसली. नंतरचा अर्धा तास त्या घरात जे चाललं होतं ते बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला रेडिओ दुरुस्ती वाटली असती. त्याने वायर कापली, सोलली, नव्याने डाग दिला. ती टॉर्च धरून उभी. “इकडे धर. अजून खाली.” “धरते ना.” “हात हलतोय तुझा.” “तुझा पण हलतोय.” मी चहाची कपबशी धुवायला मोरीवर गेले आणि तिथेच जरा जास्त वेळ काढला.

निघताना मी निगा कशी राखायची ते सांगितलं. वापरण्याआधी आणि वापरल्यावर कोमट पाण्याने धुवायची, बाळाच्या साबणाने. सेलच्या बाजूला पाणी जाऊ द्यायचं नाही. उकळायची नाही, वितळते. मऊ मलमलीने टिपायची, उन्हात नाही, सावलीत वाळवायची. पूर्ण सुकली की कॉर्नफ्लोअरचा हलका हात, म्हणजे चिकट होत नाही. वासाची पावडर नको. तेल नको, तूप नको, डॉक्टरकडे तपासायला वापरतात ती पाण्यात धुतली जाणारी जेली घ्यायची. या मालाला बारीक छिद्रं असतात, तेव्हा वरून निरोध चढवायचा. कुणाला उसनी द्यायची नाही, हे सांगायची वेळ आली नाही. आणि सेल काढून ठेवायचे, नाहीतर गळतात.

तीन आठवड्यांनी अनिता दुकानात आली. मागच्या खोलीत जाईपर्यंत तिने तोंड दाबून धरलं होतं. पिशवीतून वस्तू काढली आणि माझ्यापुढे धरली. वस्तूवर उलट्या अक्षरांत बारीक छापील मजकूर उमटला होता. मी आरसा आणला. आरशात वाचलं: ‘वृषभ: जुनी येणी वसूल होतील. प्रवास टाळावा.’

ती पोट धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी. मीही हसले, पण खरं सांगायचं तर लाजही वाटली, कारण चूक माझी होती. कशात गुंडाळायची, ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती पेपरात गुंडाळून कपाटात ठेवली होती. मऊ प्लास्टिकमधून एक तेलकट अंश सतत बाहेर येत असतो आणि तो छपाईची शाई ओढून घेतो. हे मला प्रकाशने कळवलं, चिठ्ठी लिहून, आकृतीसकट. शेवटी लिहिलं होतं, ‘ताई, माल विकताना तुम्ही हे तपासायला हवं होतं.’ ते बरोबरच होतं. त्या दिवसापासून नवा माल आला की मी तो एक दिवस वर्तमानपत्रावर ठेवायचे. अक्षरं उचलली की माल परत. आणि प्रत्येक वस्तूबरोबर सुती पिशवी द्यायला लागले, मी शिवलेली. दोन वस्तू असतील तर दोन पिशव्या, कारण मऊ माल एकमेकाला लागून राहिला तर चिकटून एक होतो.

“भाऊ आला होता?” मी विचारलं.

“आला होता. दोन दिवस राहिला.” तिने डोळे पुसले. “ह्याने त्याला मटण खायला घातलं आणि म्हणाला, पत्र चुकून टाकलं. भाऊ म्हणाला, पत्र कसं चुकून टाकतात. हा म्हणाला, माझ्या बायकोने टाकलं, तिला विचार.”

तिने सोबत दुकानासाठी निरोपही आणला होता. प्रकाशला काम हवं होतं. आमच्याकडे रक्तदाबाची यंत्रं, वाफाऱ्याची यंत्रं, मसाजर सतत बिघडून यायचे आणि मुंबईला जाऊन महिनाभर अडकायचे. भोईरकाकांनी दुकानाच्या चार पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घेतला. मी बारा वेळा सांगूनही जे झालं नसतं ते एका वायरमनसाठी झालं. आठवड्यातून दोन दिवस अनिता त्याला घेऊन यायची आणि तो मागच्या खोलीत टेबलाशी बसायचा. खोक्यातल्या सेलवाल्या वस्तू तर त्याच्या तपासणीतून गेल्याशिवाय माळ्यावर जातच नव्हत्या. पडद्याआड कुणी बावरलेलं गिऱ्हाईक आलं की तो डोकं वर न करता म्हणायचा, “बसा. इथे सगळेच दुरुस्तीला येतात.”

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. मग कुणीतरी निनावी अर्ज दिला. कुणी दिला याचा मला अंदाज आहे, आणि त्या माणसाकडे आमची सुती पिशवी होती याचीही खात्री आहे, पण ते असो.

सकाळी दोन हवालदार आले. दुकानात अश्लील वस्तू विकल्या जातात अशी तक्रार आहे, म्हणाले. खोकं ताब्यात घेतलं. काकांना आणि मला चौकीवर चला म्हणाले. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. “शैला, मना लई मोठी नातवंडं हायेत गो,” एवढंच ते म्हणत होते. माझ्या नवऱ्याला मी पट्टे विकते एवढंच ठाऊक होतं. कोळसेवाडीत आमच्या चाळीत बातमी गेली असती तर मला नळावर पाणी भरणं कठीण झालं असतं.

चौकीतले साहेब वयाने तरुण. त्यांनी खोकं उघडायला लावलं, आत बघितलं आणि घाईने कागद पुढे ओढला. “ही घाण घेतं कोण?” ते म्हणाले.

“साहेब, आजारी माणसं घेतात. एकटी माणसं घेतात. डॉक्टर पाठवतात.”

“सगळे असंच सांगतात. एक नाव सांगा. एक. मी विचारून घेतो खरं काय ते.”

माझ्याकडे शंभर नावं होती. शिक्षक होते, एक कीर्तनकार होते, ठाण्याचा एक वकील होता, ज्याचं नाव घेतलं असतं तर कदाचित साहेब उठून उभे राहिले असते. मी म्हटलं, “नाव नाही सांगणार. बायका ब्लाउज काढून माझ्यासमोर बसतात, त्यांचीही नावं मी कुणाला सांगत नाही.”

साहेबांचा आवाज चढला. काकांनी माझा पदर ओढला. तेवढ्यात बाहेर काही हालचाल झाली. आम्हाला घेऊन आलेलेच दोन हवालदार चौकीच्या पायऱ्यांवरून एक चाकाची खुर्ची उचलून आत आणत होते. खुर्चीत प्रकाश. मागून अनिता, धापा टाकत.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो बसला होता त्या मागच्या खोलीत पोलिसांनी डोकावलंही नव्हतं. तो तिथेच गप्प बसला असता तर त्याचं नाव कुठे आलं नसतं.

“साहेब, नाव पाहिजे ना?” तो म्हणाला. “माझं लिहा.” आणि त्याने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, टिटवाळ्याचा पत्ता सांगितला, सावकाश, लिहून घेता येईल असा.

साहेबांचं पेन थांबलं होतं. “तुम्ही गिऱ्हाईक?”

“मी गिऱ्हाईक. वायरमन होतो. खांबावरून पडलो. मी हिला सोडून द्यायला निघालो होतो, साहेब, कारण मला माझीच लाज वाटायची. या बाई घरी आल्या आणि त्यांनी मला सांगितलं की हात अजून चांगले आहेत. आता हे कुठल्या कलमात बसतं ते तुम्ही बघा.”

“माझंही नाव लिहा,” अनिता म्हणाली. “घेतलं दोघांनी.”

एका हवालदाराने खाली बघितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. थोड्या वेळाने ते मला म्हणाले, जरा वेगळ्या आवाजात, “दर्शनी मांडता का?”

“नाही. माळ्यावर असतं.”

“लहान पोरं येतात का?”

“साहेब, लग्न झालेल्यालासुद्धा मी वय विचारते.”

त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. ‘पाहणी केली, वैद्यकीय उपयोगाचे साहित्य,’ असं, मला उलट्या बाजूने दिसलं. हवालदार खोक्यातल्या वस्तू परत भरायला लागला आणि एकेक पेपरात गुंडाळायला लागला. मी त्याचा हात धरला आणि का ते सांगितलं. तो नीट ऐकत होता. जरा जास्तच नीट. महिन्याभराने तो साध्या कपड्यांत आला आणि कॅलेंडरकडे बघायला लागला, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. त्याने जेवण संपवलं. हात धुऊन आल्यावर म्हणाला, “आणि इतकी वर्षं मी शेजाऱ्यांना सांगतोय, माझी बायको गुडघ्याच्या टोप्या विकते.” मग जरा थांबून, “त्यातली चांगली कुठली म्हणालीस?”

इथे थांबले असते तर माझं छान नाव झालं असतं. पण चौकीतून सुटून आल्यावर माझ्या डोक्यात थोडी हवा शिरली होती, तेही सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात सिलिकॉनचा माल यायला लागला. महाग, पण उत्तम. वास नाही, तेल सुटत नाही, सेलचा भाग नसेल तर उकळता येतो, वर्षानुवर्षं टिकतो. मी त्यावर मोठमोठी व्याख्यानं द्यायचे. गिऱ्हाइकांची चेष्टा करायचे. माणूस हसला की मोकळा होतो, हा माझा सिद्धांत, आणि दहातल्या नऊ जणांना तो लागू पडायचा.

एकदा दुपारी डोंबिवलीहून एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी, बोलण्यावरून शिक्षिका. गळ्यात काही नाही, कपाळावर बारीकशी टिकली. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं नाही, की कंबरपट्टाही मागितला नाही. शुद्ध शब्दांत म्हणाल्या, “मला असं कळलं की तुमच्याकडे काही साधनं मिळतात. मला एक निवडायला मदत कराल का?”

इतक्या नीट मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि मी, सवयीने, हसून विचारलं, “कोणासाठी हवंय, बाई?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मुलाने सोपं गणित चुकवल्यावर बघतात तसं. “कोणासाठी म्हणजे?” त्या म्हणाल्या.

मी म्हणू शकले असते, चुकले, मागे या, बसा. मी म्हटलं नाही. त्यांनी काउंटरवरच्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवली. “मग क्रेप बँडेज द्या,” म्हणाल्या. मी दिलं. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली आणि उतारावरून कठड्याला धरून, सावकाश, खाली गेल्या.

मी दोन मिनिटांनी मागून धावले. रस्त्यावर रिक्षा होत्या, माणसं होती, त्या नव्हत्या. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांकडे मी नंतर आडून आडून चौकशी केली, अशा अशा बाई, शिक्षिका, दोरीचा चष्मा. डोंबिवलीत अशा दोनशे बायका असतील. त्या पुन्हा आल्या नाहीत. घरून निघताना त्यांनी मनाची किती तयारी केली असेल, हा विचार मला अजूनही येतो. नातेवाईक, शेजारी, जुने विद्यार्थी, सगळ्यांना चुकवून त्या इथवर आल्या, आणि शेवटच्या पायरीवर मी उभी होते.

त्यानंतर जितकी वर्षं मी काउंटरला होते तितकी वर्षं मी गिऱ्हाइकांना सगळं विचारलं. वय विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का विचारलं, मनगट पुढे करा म्हटलं. कोणासाठी, हे मात्र पुन्हा कुणालाही विचारलं नाही.